सुतकातला आंबेमोहोर

आई, तुमच्या बेडकाने आज पुन्हा माझ्या दाढीच्या मगात मुक्काम केला. मी अर्धवट झोपेत ब्रश आत बुडवला, तो कसल्याशा मऊ वस्तूला लागला आणि त्या वस्तूने लाथ मारली. मी ओरडलो. आणि सवयीने जिन्याकडे तोंड करून ओरडलो, "आई, तुमचा माणूस वर आलाय!"

खालून तुमचं ते ठरलेलं उत्तर आज आलं नाही: "राहू द्या हो जावई. पाहुणा आहे, जाईल आपणहून."

शेवटी मीच तो मग हातभर लांब धरून खाली उतरलो आणि बावखलाच्या काठावर उपडा केला. तुम्ही असताना हे काम मी कधी केलं नव्हतं. बेडूक पाण्यात जाण्याआधी माझ्या पायावर उतरला. गार, ओला, बुळबुळीत. अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही.

लोक भेटायला येतात आणि म्हणतात, किती मायाळू होत्या, मुक्या प्राण्यांवर किती जीव. मी मान हलवतो. मुके? पावसाळ्यात तुमच्या बावखलातली ती मंडळी जो गळा काढत, त्याने मला टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत नसत. आणि माया म्हणाल, तर त्या मायेचा खर्च माझ्या नाकाने, माझ्या चपलांनी आणि माझ्या पांढऱ्या शर्टांनी सोसला. तो जांभळा डाग आठवतो? वटवाघळाने तुमचं जांभूळ खाल्लं आणि पावती माझ्या शर्टाच्या पाठीवर फाडली. साहेबांसमोर दिवसभर मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. संध्याकाळी तुम्हाला दाखवला तर तुम्ही डाग न्याहाळून म्हणालात, "म्हणजे जांभळं पिकली."

तुमच्याबद्दल गोड लिहायचं असं नीलाने बजावलंय. तुमचीच मुलगी, बजावणारच. पण किळस वगळून तुमच्याबद्दल लिहायचं म्हटलं तर माझ्याजवळ लिहायला फारसं उरत नाही.

गिरगावच्या दहा बाय बाराच्या खोलीतून मी वसईजवळच्या वटार गावी तुमच्या घरी राहायला आलो ते ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, वेगळा जिना, म्हणजे घरजावई म्हणायला कोणी नको. मी खूश होतो. खिडकीतून वाडी दिसायची: केळी, चिकू, नारळ, आणि मधोमध बावखल. विहिरीचं हे ऐसपैस, उघडं भावंड मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. तुमच्या वाडवडिलांनी ते वाडीला पाणी द्यायला खणलेलं. पहिल्या दिवशी मी काठावर उभा राहून मोठ्याने म्हणालो, "वा! काय निसर्ग आहे!" आणि निसर्गाने माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जळू लावली.

तुम्ही तंबाखूची चिमूट लावून ती सोडवलीत. आणि तिला परत पाण्यात सोडलीत. माझ्या रक्तासकट.

मी सुधारणा करायची ठरवली. रविवारच्या पुरवणीत 'पक्ष्यांना अंगणात बोलवा' असा लेख आला होता. मी प्लास्टिकच्या बरणीला भोकं पाडून, आत राळे भरून, चिकूच्या फांदीला ती झोकात टांगली. तुम्ही ओटीवर बसून बघत होतात.

"कोण येणार यावर?" तुम्ही विचारलंत.

"बुलबुल. सुगरण. झालंच तर मुनिया."

"बरं."

आल्या त्या घुशी. राळे खाली सांडत होते, घुशींना जेवणावळ मिळाली. घुशींमागून धामण आली. धामण पाहून मी ज्या वेगाने जिना चढलो तो वेग मला परत कधी साधला नाही. चप्पल खालीच राहिली, ती धामणीच्या बाजूला. तुम्ही चप्पल उचलून, झटकून, पायरीवर नीट जोडीने ठेवलीत आणि म्हणालात, "जावई, तुम्हाला कॅलेंडरवरचे प्राणी हवेत. ते असे एकेकटे येत नाहीत. चिखल ठेवला की बेडूक येतो, बेडूक आला की साप येतो, साप आला की मुंगूस. आपण चिखलाला फक्त आमंत्रण द्यायचं. बाकीचे मग एकमेकांच्या ओळखीने येतात."

त्या चिखलासाठी तुम्ही काय काय केलंत! केळीची सुकलेली पानं कापू दिली नाहीत, कारण त्यात इवलीशी वटवाघळं झोपतात. कुजका ओंडका उचलू दिला नाही, त्याखाली गोमा आणि पैसे राहतात. (गिरगावात पैसा म्हणजे पैसा. तुमच्याकडे पैसा म्हणजे हात लावल्यावर गोल होणारा, शंभर पायांचा किडा. मी पहिल्यांदा ऐकलं, "ओंडक्याखाली पैसे आहेत," आणि लगबगीने उचलायला गेलो. असो.) पपईच्या झाडावरची शेवटची पपई कावळ्या-कोकिळांची, मार लागलेली केळी कठड्यावरच्या पितळी ताटलीत, पाण्याचं मातीचं परळ जिन्याखाली. आणि या सगळ्यांशी तुम्ही बोलायचात.

इथे माझी खरी तक्रार आहे, आई. माझ्याशी तुम्ही कायम शाळेतली मराठी बोललात. "बसा." "जेवून घ्या." "आपल्याला ताक चालेल का?" जावई गिरगावचा, म्हणून तोंडाला इस्त्री. घरची बोली तुम्ही राखून ठेवली होती ती परळावर येणाऱ्यांसाठी. मी वरच्या खिडकीतून ऐकायचो. "आलीस गं बाय? ये, पानी पी." ती बाय म्हणजे कधी पाणकोंबडी असायची, कधी दिवड. पाण्यातल्या सापाला तुम्ही 'बाय' म्हणायचात आणि मला 'आपण'.

आता आंबेमोहोर. हे सांगितल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही.

तुमच्याकडे राहायला आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, रोज दिवेलागणीला खालून आंबेमोहोराचा वास यायला लागला. ताजा, वाफाळता, पहिल्या उकळीचा. मी ऑफिसातून येऊन गॅलरीत बसायचो आणि तोंडाला पाणी सुटायचं. थोड्या वेळाने तुमच्याकडून नीला वाटी घेऊन वर यायची. आईने भात पाठवलाय. बघतो तर जाडा, लाल, रोजचा भात.

पहिल्या दिवशी मी काही बोललो नाही. आठवडाभर बोललो नाही. जावयाने सासूच्या ताटात काय आहे हे विचारायचं नसतं. पण आतून पेटलो होतो. म्हणजे स्वतःला आंबेमोहोर आणि जावयाला जाडा!

"खाली कोणी पाहुणे आहेत का?" मी नीलाला विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही. आपलं विचारलं."

नीलाला सर्दी बारमाही. तिच्या नाकाखाली कापूर जाळला तरी कळायचं नाही. त्यामुळे ती आपल्या दोघांमध्ये रोज वर-खाली करत होती आणि तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कारण तिकडे तुम्हीही तिला विचारत होतात, हे मला फार उशिरा समजलं: "वर काय बेत आहे गं आज?" आणि ती सांगायची, "कसला बेत? खिचडी." आणि तुम्ही मनात म्हणायचात, आंबेमोहोराची खिचडी, आणि आईला पाठवते काय, तर रेशनचा तांदूळ. लेकीच्या घरी काय शिजतं ते आईने मागायचं नसतं, म्हणून तुम्हीही गप्प.

मग आपलं ते सभ्यपणाचं युद्ध सुरू झालं. रविवारी तुम्ही मला वाढताना म्हणालात, "भात साधाच आहे हो. आपल्याला चालेल ना?"

"न चालायला काय झालं? आम्हाला साध्याचीच सवय."

"हो का? मला वाटलं वर निराळं असतं."

"वर कसलं निराळं? निराळं सगळं खाली."

नीला पोळीचा तुकडा हातात धरून आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. गुढीपाडव्याला मी सूड घेतला. वसईच्या बाजारातून उत्तम आंबेमोहोराची पिशवी आणली आणि तुमच्या पुढ्यात ठेवली. "तुम्हाला आवडतो म्हणून." तुमचा चेहरा ताठ झाला. दुसऱ्या दिवशी पिशवी नीलाबरोबर वर आली. "आई म्हणते, ज्यांना आवडतो त्यांनाच राहू दे." मी परत खाली पाठवली. ती परत वर. त्या पिशवीने जिना इतक्या वेळा चढला-उतरला की शेवटी तांदळात टोके झाले आणि टोक्यांनाही त्या घरात मुक्कामाला जागा मिळाली.

एका संध्याकाळी मी ठरवलं, रंगेहाथ पकडायचं. निमित्त हवं होतं. तुमची एक वाटी आमच्याकडे होती, आणि वाटी रिकामी परत करायची नाही ही तुमच्या घरची रीत. मी तिच्यात दोन बेसनाचे लाडू घातले आणि वास भरात आल्याबरोबर दबक्या पावलांनी जिना उतरायला लागलो. अर्ध्या जिन्यात समोर तुम्ही. हातात आमची वाटी, त्यात नारळाच्या वड्या. तुमचीही पावलं दबकी.

दोघंही थांबलो. वास तिथेच सगळ्यात जास्त होता. खालच्या चुलीजवळ नाही, वरच्या गॅसजवळ नाही, अर्ध्या जिन्यात. तुम्ही वर पाहिलंत. मीही वर पाहिलं. तुमच्या स्वयंपाकघराच्या माळ्यातून बाहेर आलेल्या वाशावर एक लांबुळकं, काळपट जनावर बसलं होतं. शेपूट खाली सोडलेलं, डोळे बटणासारखे, आणि मागचं अंग वाशाला घासत ते अगदी निवांतपणे आपली खूण करत होतं. वाशावरून एक थेंब ओघळला आणि माझ्या हातातल्या लाडवावर पडला.

मी वाटी नाकाशी नेली. का नेली, देव जाणे. आंबेमोहोर. पहिल्या उकळीचा.

उदमांजर. ग्रंथालयात नंतर वाचलं की त्याच्या शेपटीखालच्या ग्रंथींना सुवासिक तांदळासारखा वास असतो. पुस्तकात 'स्राव' असा सभ्य शब्द आहे. मी मुतणंच म्हणतो. कित्येक महिने, आई, ऑफिसातून आल्यावर गॅलरीत बसून, डोळे मिटून, मी कशावर लाळ गाळत होतो!

मी कठड्यावरून ओकलो. तुम्ही पायरीवर बसलात आणि हसलात. पदर तोंडात कोंबून हसलात, मग पदर सोडून हसलात. वड्या जिन्यावरून घरंगळत गेल्या. "जावई," तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "घ्या. तुमचा आंबेमोहोर. कधीपासून जळत होतात माझ्यावर?"

"दिवाळीपासून. आणि तुम्ही?"

"मीपण दिवाळीपासून."

"मला वाटलं, तुम्ही जावयाला जाडा भात घालता."

"आणि मला वाटलं, लेकीने आईला विसरून नवऱ्याचे लाड मांडलेत." मग गंभीर होऊन म्हणालात, "त्याला हाकलू नका हं. संध्याकाळी यायचं, आयतं खायचं आणि वर जाऊन झोपायचं. एवढंच तर करतं. तुमच्यासारखंच."

त्यानंतर मी आंबेमोहोर तोंडात घालू शकलेलो नाही. लग्नाच्या पंगतीत वास आला तरी वाशाकडे बघतो. तुम्ही मात्र मुद्दाम आणून, तूप घालून, माझ्यासमोर चवीने खायचात. आणि उदमांजर तुमची केळी आणि चिकू खाऊन, सालींसकट आणि बियांसकट, त्याचं काय होतं ते माझ्या स्कूटरच्या सीटवर ठेवून जायचं. रोज. शेजाऱ्यांच्या तीन गाड्या बाजूला उभ्या असत. त्यांच्यावर कधी नाही.

आपलं खरं भांडण मात्र बावखलावरून होतं आणि ते तसंच राहिलं. आजूबाजूची बावखलं एकेक करून बुजत गेली. डंपर यायचा, माती-राबिट ओतायचा, वर इमारत, इमारतीच्या दारात टँकर. मीही मागे लागलो. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की कुजल्या पाल्याचा जो वास यायचा, त्याने माझं जेवण जात नसे. डास. बाथरूमच्या मोरीतून डोकं काढणारी दिवड. मी म्हणायचो, बुजवून टाकू, फरशी घालू, माणसासारखं राहू. तुम्ही म्हणायचात, "मी आहे तोवर नाही."

"आणि नंतर?" मी एकदा चेष्टेत विचारलं होतं.

"नंतर तुमचं तुम्ही बघा. मी काही भूत होऊन राखण करणार नाही. मला तेव्हा दुसरी कामं असतील."

मी हसलो होतो. तुम्ही हसला नव्हतात, हे मला आता आठवतंय. तुम्ही बावखलाकडे पाहत राहिलात.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही फार बोलत नव्हतात. नीला औषध आणायला गेली होती, मी उशाशी बसलो होतो. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे नीट पाहिलंत, मला ओळखलंत. आणि म्हणालात, "पानी दे रे."

आपण नाही, जावई नाही. दे रे. आणि पानी.

मी चमचा तोंडाला लावला, अर्धं पाणी उशीवर सांडलं. इतकी वर्षं लागली, आई, पण अखेर मला बढती मिळाली. मी बेडकांच्या रांगेत बसलो. तुमच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं तेव्हा. मी तेवढा उशीचा अभ्रा बदलला.

तुम्ही गेलात. नीलाचा भाऊ विनू पुण्याहून आला, तुमचं सगळं त्याने मन लावून केलं. माई मावशी ठाण्याहून आली. तुमची धाकटी बहीण, नाक तुमच्यासारखंच, स्वभाव अजिबात नाही. घरात चूल बंद, शेजाऱ्यांकडून डबे येत होते. परवा संध्याकाळी सगळे ओटीवर बसलो होतो, आणि विनूने विषय काढला.

"भावोजी, तेराव्याला माणसं येतील, गाड्या लावायला जागा नाही. माझ्या ओळखीचा एक डंपरवाला आहे. दोन दिवसांत बावखल सपाट करून देईल. तुमची तर केव्हापासूनची इच्छा."

खरंच होतं. आयुष्यभर जमवलेले मुद्दे माझ्याजवळ तयार होते: वास, डास, दिवड. आता अडवणारं कोणी नव्हतं. नीला माझ्याकडे बघत होती. तिने ते माझ्यावर सोडलं होतं. मी तोंड उघडलं.

आणि माई मावशीने हवेत हुंगलं. "कोण गं ते?" ती ताठ उठून बसली. "आंबेमोहोर कोण शिजवतंय? अगं, तिला जाऊन अजून… आणि घरात पुलाव मांडलेत? काही जनाची मनाची?"

तिने जिन्याकडे पाहिलं. मग नीलाकडे. मग माझ्याकडे, कारण मी जावई आणि माझी कीर्ती ठाण्यापर्यंत आहे.

"कसला वास?" नीला म्हणाली. तिचं नाक बंद. रडून आणखी बंद.

"मावशी," मी म्हणालो, "कोणी शिजवत नाहीये. उदमांजर मुतलंय."

मावशीने पदराने तोंड झाकलं. नीलाच्या घशातून एक आवाज आला. आधी मला वाटलं हुंदका. पण ती हसत होती. तुमच्यासारखी, पदर तोंडात कोंबून. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता मग जे रडू आलं ते आवरेना.

"शी!" विनू म्हणाला. "हेच म्हणतो मी. किती घाण आहे ही! बुजवून टाका सगळं, फरशी करा."

आणि आई, काय झालं कोणास ठाऊक, मला राग आला. विनूच्या चेहऱ्यावर ती किळस पाहून राग आला. ती किळस माझी होती. जळूपासून दाढीच्या मगापर्यंत मी तिची किंमत मोजलेली. पुण्यात राहून, वर्षातून दोनदा येऊन, कोणी ती फुकटात करायची?

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"बावखल नाही बुजवायचं. घाण आहे, मान्य. वास मारतं, मान्य. तुझ्याआधी आणि तुझ्यापेक्षा जास्त मी म्हटलंय. पण शी करायचा हक्क इथे राहणाऱ्याचा. गाड्या रस्त्यावर लाव."

विनूने खांदे उडवले. "मग बसा बेडकांत."

"बसतोच आहे," मी म्हणालो.

हे ऐकून तुम्ही खूश झाला असाल, तर तसं काही नाही. मी बदललो नाही. बावखल काल संध्याकाळीही घाणच मारत होतं आणि तुमच्या त्या हिरव्या, शेवाळलेल्या पाण्यात काहीतरी मेलेलं तरंगत होतं, ते काय ते मी पाहिलं नाही. मार लागलेली केळी कोणी ताटलीत ठेवेना, म्हणून मी ठेवली. सोलून ठेवायची की सालासकट, हे तुम्हाला विचारायचं राहिलं. सालासकट ठेवली. परळात पाणी घातलं.

उदमांजर वाशावर बसलं होतं. शेपूट खाली. मी म्हणालो, "ये, पाणी पी." त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. गिरगावचा ण आहे आई, टाळूला चिकटून बसलाय. मी जिन्यात वर-खाली पाहिलं. कोणी नव्हतं.

"ये गं बाय," मी म्हणालो. "पानी पी."

आणि पळत वर येऊन दार लावून घेतलं. ती उतरली की नाही, मी बघितलं नाही. पण आज सकाळी तो बेडूक सोडून परत येताना स्कूटरकडे लक्ष गेलं. सीटच्या बरोबर मधोमध पोच मिळाली होती. केळ्याची, चिकूच्या बियांसकट, ताजी.

शी, आई. शी.